पार्ट बिघडले तरी मशीन बिघडणार नाही, हे गणितानं दाखवणारे जॉन फॉन नॉयमन

आपण मोबाईलवर एखादं ॲप उघडतो, तेव्हा त्याच्यामागे कुठंतरी हजारो सर्व्हर चालू असतात. त्यातले काही बंद पडतच असतात, पण आपल्याला पत्ताही लागत नाही. ही किमया ज्या विचारावर उभी आहे, तो १९५२ साली गणितात मांडला जॉन फॉन नॉयमन यांनी.

जन्म १९०३ चा, बुडापेस्टचा. वडील बँकेतले. गणितात पैसा नाही असं वडिलांचं मत, म्हणून पोरानं केमिकल इंजिनिअरिंगही केलं आणि गणितात डॉक्टरेटही. १९३० साली ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले.

१९४४ साली ॲबरडीनच्या रेल्वे स्टेशनवर त्यांची गाठ हर्मन गोल्डस्टाईन यांच्याशी पडली. गप्पांत विषय निघाला एनिॲक या नव्या कॉम्प्युटरचा. त्यात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब. एक जरी उडाली, तरी गणित चुकायचं. चालू-बंद करताना त्या जास्त जायच्या, म्हणून मशीन शक्यतो बंदच करायचं नाही, असा जुगाड होता.

नॉयमन यांना वेगळाच प्रश्न पडला. मेंदूतल्या पेशीही चुकतात, मग माणूस कसा चालतो?

१९५२ मध्ये कॅलिफोर्नियात दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी उत्तर मांडलं. एकाच कामाला तीन मशीन लावा आणि बहुमत घ्या. प्रत्येक मशीन १०० वेळा १ चूक करत असेल, तर तिघांचं बहुमत १० हजारांत ३ वेळाच चुकतं. पण मतं मोजणारा पार्टच बिघडला तर? खरी गोम इथंच होती. त्यांनी मोजणारेही अनेक ठेवले. शिवाय मर्यादाही सांगितली: मोजणारा पार्ट ६ वेळा १ पेक्षा जास्त चुकत असेल, तर या पद्धतीचा उपयोग नाही.

आजही डेटाच्या ३ किंवा ५ कॉपी ठेवून बहुमतानं काम चालतं. फक्त एक पथ्य पाळावं लागतं, बिघाड वेगवेगळे हवेत. एकाच वायरवरचे तीन सर्व्हर लाईट गेली की एकदमच झोपतात. म्हणून कॉपी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात.

१९५५ साली नॉयमन यांना कॅन्सर झाल्याचं कळलं. कॉम्प्युटर आणि मेंदू यांच्यावरची व्याख्यानं ते हॉस्पिटलमध्येही लिहीत होते. ती अर्धवट राहिली. ८ फेब्रुवारी १९५७ ला, ५३ व्या वर्षी ते गेले. अपुरं पुस्तक पुढच्या वर्षी तसंच छापलं गेलं.