कानांनी पक्षी ओळखणारे गिल्बर्ट व्हाइट

इंग्लंडमधील सेलबोर्न या खेड्यात १८ जुलै १७२० रोजी गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डला शिक्षण घेऊन ते धर्मोपदेशक झाले. पण मन रमले ते गावच्या रानातच.

चिमणीहूनही लहान, हिरवट-पिवळे वटवटे तेव्हा सरसकट एकच समजले जात. व्हाइट यांनी त्यांच्या आवाजाकडे कान दिला. एक वटवट्या दोनच स्वर घोकत बसे. दुसऱ्याची गोड लकेर हळूहळू खाली उतरे. तिसरा उंच बीच वृक्षांच्या शेंड्यावर पंख थरथरवीत कंपित सूर काढी. मग तिन्ही नमुने समोर ठेवून त्यांनी ते ताडून पाहिले. पहिल्याचे पाय काळे, इतरांचे फिकट. तिसरा सर्वांत मोठा, पोट पांढरेशुभ्र. जाती एक नव्हे, तीन आहेत, हे त्यांनी १७६८ साली टॉमस पेनंट यांना पत्राने कळविले. ही पत्रे १७८९ मध्ये ग्रंथरूपाने आली.

दैव असे की, पुढे त्यांना वारंवार बहिरेपणा येऊ लागला. तरीही २६ जून १७९३ रोजी निधन होण्याच्या थोडे आधीपर्यंत त्यांची रोजनिशी चालूच होती.

हिवाळ्यात आपल्याकडेही असे सारखे दिसणारे वटवटे येतात. त्यांना 'तेच ते' म्हणण्यापूर्वी आपणही क्षणभर कान द्यावा.