आपल्या जिल्ह्यातले दुसरे टिळक

टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य आठवतात. त्यांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या जिल्ह्यात आणखी एक टिळक जन्मले. ते म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक.

मला ते एका कवितेमुळे कळले. माझ्याकडे बेचकी होती. ती घेऊन मी पाखरांमागे फिरायचो. एक दिवस बाईंनी वर्गात टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता वाचून दाखवली. त्यातली पक्षीण घायाळ होते, तरी पिलांना शेवटचा घास आणून देते. त्या रात्री मला झोप येईना. सकाळी उठून मी बेचकीचे रबर काढून टाकले. मग बाईंकडून या कवीची माहिती घेतली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगावी ब्राह्मण घरात झाला. आई लहानपणीच वारली. पुढे नाशिकला राहून ते संस्कृत शिकले. देव कसा आहे, माणसामाणसांत भेद का, हे प्रश्न त्यांना सारखे छळत. एकदा आगगाडीत एका युरोपियन गृहस्थांनी त्यांना बायबल वाचायला दिले. शत्रूवरही प्रेम करावे, ही येशूची शिकवण त्यांच्या मनात घर करून बसली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी आजीला हे वाचून दाखवले, तर तिने विचारले की मग त्यांच्या बायकोचे काय झाले? तिचा प्रश्न बरोबर होता. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहान मुलाला घेऊन त्या पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. पण दोघांची माया तुटली नाही. काही वर्षांनी त्या परत आल्या. सोवळेओवळे हळूहळू सुटले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या मनाने. टिळकांनीच त्यांना लिहावाचायला शिकवले होते. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक आज मराठीत फार नावाजलेले आहे.

धर्म बदलला, तरी टिळकांनी मराठीपण सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानत. त्यांनी येशूवर अभंग रचले, कीर्तने केली. फुलांवर आणि मुलांवर कविता केल्या. तरुण बालकवींना घरी ठेवून घेतले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले.

आजी म्हणते, मनाला पटले ते करायला धीर लागतो, आणि रागावलेल्या माणसाची वाट बघायलाही धीर लागतो. मला टिळकांचे हे दोन्ही आवडले. बेचकीचे लाकूड अजून माळ्यावर आहे. त्याला आता मी रबर लावणार नाही.