डॉ. पां. वा. सुखात्मे : भुकेची मर्यादा शोधणारा संख्याशास्त्रज्ञ

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी आमच्या ओट्यावरून दिसतात. त्याच ओट्यावर बसून मी एकदा अर्थशास्त्राचे गणित सोडवीत होतो. उत्पन्न एक रुपयाने वाढले, तर खर्च किती वाढतो? दहा-बारा घरांच्या हिशेबावरून उत्तर आले, एक रुपया दहा पैसे! सरांनी समजावले, की हे प्रमाण शून्य ते एक यांच्या दरम्यानच असते असे आपण मानतो. ती मर्यादा गणितात घालूनच अंदाज काढावा. पण मर्यादाच चुकली तर? या प्रश्नाने मला डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या चरित्राकडे नेले.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले. तेथे नेमन आणि पिअर्सन यांच्या हाताखाली संशोधन करून १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक-अंदाजाला शास्त्राची बैठक दिली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे त्यांनी दाखविले. शेतकऱ्याच्या मुलाला हे लगेच पटते.

पुढे रोमच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक असताना ते भुकेच्या मोजणीकडे वळले. सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरला, तर कित्येक धडधाकट माणसेही उपाशांत जमा होतात. माणसामाणसाची गरज वेगळी. एकाच माणसाचीही ती दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून येणारी खालची मर्यादा धरावी, असे त्यांनी मांडले. साहजिकच कुपोषितांचा आकडा पुष्कळ खाली आला. वि. म. दांडेकरांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर कडाडून वाद घातला.

१९७१ मध्ये सुखात्म्यांना पद्मभूषण मिळाले. १९९७ साली ते निवर्तले.

आमच्या शिवारात उन्हात निंदणी करणारी मजूर बाई दीड भाकरीवर दिवस काढते. तिचे शरीर त्याला सरावले आहे, की तिचा नाइलाज आहे? रेघ जराशी खाली ओढली, की ती उपाशांच्या यादीतून निघून जाते. तिची भाकरी मात्र दीडच राहते. मर्यादा आखल्यावाचून मोजणी होत नाही, हे मी सुखात्म्यांकडून शिकलो. ती आखताना या बाईला विसरू नये, एवढे मला एकलहऱ्याने शिकविले.