खापर आणि खराटा



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेल्या वर्धापनदिनाची एक गोष्ट मनाला टोचत होती. जेवणे उरकल्यावर चंदेरी पत्रावळी, कागदी पेले आणि प्लॅस्टिकचे चमचे यांची तीन पोती भरली. ती मीच गल्लीच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो कुत्र्यांनी पोती फाडलेली, आणि झाडणारी बाई वाकून आपले उष्टे एकेक करून वेचीत होती. तिने मान वर केली नाही आणि मलाही तिच्याकडे पाहवले नाही. त्या वेळी गाडगेबाबांची आठवण झाली. म्हणून त्यांचेच चरित्र आपणांस थोडक्यात सांगते.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई आणि मुलाचे डेबू. वडिलांना दारूचे व्यसन लागले, त्यात घराची वाताहत झाली आणि डेबू लहान असतानाच ते वारले. सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आल्या. तेथे डेबू मामाची गुरे राखी, गोठा झाडी, पुढे नांगरही धरू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, ती मात्र त्याने डोळ्यांनी पाहिली. दारूने एक घर बुडाले आणि कर्जाने दुसरे, हे ज्याने लहानपणीच पाहिले त्याला पैशाची उधळपट्टी कशी सहन व्हावी?

१८९२ साली त्यांचे लग्न कुंताबाईंशी झाले. मुलगी झाली. बारशाला मटण आणि दारू हवीच, अशी त्या वेळी जातीत रीत होती. डेबूजींनी जातभाईंना गोडाचे जेवण वाढले. पुष्कळांना राग आला, पण ते बधले नाहीत. कर्ज काढून सण साजरा करणे म्हणजे घरचा दिवा विकून आरास करण्यासारखे आहे, हे त्यांना पुरते कळले होते.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा आणि फुटक्या मडक्याचे एक खापर, एवढाच त्यांचा संसार. त्याच खापरात भाकरी खावयाची, त्यातच पाणी प्यावयाचे, आणि ऊन लागले की तेच डोक्यावर घ्यावयाचे. लोकांनी टाकून दिलेली वस्तू त्यांनी जन्मभर कामाला लावली. त्या मडक्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले आणि चिंध्यांवरून कोणी गोधडेबाबाही म्हणत. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या काही दारिद्र्याच्या लाजेने नव्हेत. वस्तू झिजेपर्यंत वापरावी, ही तेव्हा घरोघरची समजूत होती. बाबांनी तीच समजूत अंगावर घालून मिरवली.

गावात शिरले की बाबा कोणाशी न बोलता खराटा घेऊन रस्ते झाडू लागत, गटारे साफ करीत. काम झाल्यावरच भाकरी मागत. कामावाचून घास नाही, असा त्यांचा नेम होता. रात्री त्याच स्वच्छ जागेवर कीर्तन होई. दिवसा गावाची घाण काढली, आता मनातली काढू या, असाच त्यांचा रोख असे. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. जत्रेत बकरे मारू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, लग्नासाठी कर्ज काढू नका, हे त्यांचे नेहमीचे सांगणे. घरची भांडी विकावी लागली तरी विका, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला हलके लुगडे घ्या, पण मुलांना शाळेत घाला, असेही ते सांगत. पाया पडू देत नसत.

स्वतःसाठी एक झोपडीसुद्धा न बांधणाऱ्या या माणसाने दुसऱ्यांसाठी केवढे बांधले! ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लोकांनी दिलेला पैसा लोकांसाठीच लागला. १९५२ साली या कामांसाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले.

येथे बाईमाणूस म्हणून एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. बाबांनी घर सोडले तेव्हा मागे म्हातारी आई, कुंताबाई आणि लेकरे होती. मोठमोठ्या धर्मशाळा झाल्या, पण त्यांवर घरच्या माणसांचा हक्क नाही, असा बाबांचा दंडक होता. मुलगा गोविंद गेल्याची बातमी बाबांना कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही. त्यांचा निग्रह थोर खराच. पण ती बातमी घरी सोसणाऱ्या माउलीचे काय? बाबांचे चरित्र वाचताना माझे मन कुंताबाईंपाशी थांबते. त्यांचीही त्या तपात भागीदारी होती, असे मला वाटते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच बाबांनी देह ठेवला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवर राज्यात बंदी आली. पण कायद्याने बंदी येते, सवय मात्र आपली आपणच मोडावी लागते.

आपण संसारी बायका. खापर घेऊन निघणे आपल्याला साधणारे नाही आणि त्याची गरजही नाही. परंतु काय आणावे, किती रांधावे, काय टाकावे, हे घरात दिवसातून दहा वेळा आपणच ठरवतो. कापडी पिशवी विसरली तर भाजी पदरात बांधता येते. उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो, शिळ्या भाताला फोडणी देता येते. भाजीची देठे, साले कुंडीत जिरतात. वाणात प्लॅस्टिकचा डबा देण्याऐवजी तिळाची वडी दिली तर खाऊन संपते, मागे कचरा उरत नाही.

यंदाच्या जेवणाला मी घरून माझे ताट, वाटी आणि पेला घेऊन येणार आहे. आपणही आणावा, ही हात जोडून विनंती. जेवणानंतर घासायला मी बसेन. पत्रावळ हवीच असेल तर पळसाची आणू या, ती मातीत मिळून जाते. आणि मंडप सुटल्यावर खराटा आपल्यापैकीच कोणीतरी हातात घेऊ या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती झाडणारी बाई आपल्या कोपऱ्यावर येईल, तेव्हा तिला तेथे वाकावे लागू नये.

काही अधिकउणे लिहिले गेले असल्यास सांभाळून घ्यावे.