ऊ नू : सत्ता गेली तरी लोकशाही न सोडणारा उपासक

ब्रह्मदेश म्हटला की आपल्याला दोन गोष्टी चटकन आठवतात. पहिली म्हणजे डिसेंबर १९५४ मध्ये परमपूज्य बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. दुसरी म्हणजे सत्यनारायण गोयंका गुरुजींना विपश्यना मिळाली ती १९५५ साली, त्याच रंगून शहरात ऊ बा खिन यांच्याकडून. पुढे ती इगतपुरीला आली. पण त्या काळात त्या देशाचा पंतप्रधान कोण होता, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं नाव ऊ नू. 'ऊ' म्हणजे आपल्याकडचं 'श्रीयुत', आणि 'नू' हे नाव. या धम्मनिष्ठ माणसाने लोकशाहीसाठी काय काय केलं आणि कुठे त्याचं चुकलं, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

ऊ नू यांचा जन्म २५ मे १९०७ रोजी इरावती नदीच्या मुखाजवळच्या वाकेमा या गावी झाला. हा सगळा भातशेतीचा मुलूख. कोवळ्या वयातच त्यांना दारूची सवय लागली होती. पण तरुणपणीच त्यांनी ती निर्धाराने सोडली, आणि पाचवं शील त्यांच्यासाठी नुसतं वंदनेत म्हणायचं राहिलं नाही. १९२९ साली ते रंगून विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि पांतनॉ गावच्या राष्ट्रीय शाळेत काम करू लागले. तिथे त्यांचे सहकारी आणि मित्र होते ऊ थांट, जे पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव झाले. एका लहानशा गावच्या शाळेतून एक देशाचा पंतप्रधान आणि एक जगाचा कारभारी निघावा, ही काही साधी गोष्ट नव्हे.

पुढे कायदा शिकायला ते पुन्हा रंगूनला आले आणि विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले. १९३६ मध्ये त्यांना आणि आँग सान यांना विद्यापीठाने काढून टाकलं, तेव्हा विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला. हे तरुण आपल्या नावामागे 'थाकिन' लावीत. थाकिन म्हणजे मालक, धनी. इंग्रज साहेबाला ज्या शब्दाने हाक मारावी लागे, तोच शब्द या मुलांनी स्वतःला लावून घेतला. या देशाचे धनी आम्हीच, हे त्यांना सांगायचं होतं. इंग्रजांनी ऊ नू यांना तुरुंगातही टाकलं.

१९ जुलै १९४७ रोजी मंत्रिमंडळाच्या बैठकीत घुसून मारेकऱ्यांनी आँग सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. देश अनाथ झाला. त्या वेळी ऊ नू घटना समितीचे अध्यक्ष होते. सत्तेची फारशी ओढ नसलेल्या या माणसाच्या खांद्यावर सगळा भार येऊन पडला. ४ जानेवारी १९४८ रोजी पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. वेळ ज्योतिष्यांनी काढलेली होती! ऊ नू पहिले पंतप्रधान झाले.

वर्षभरातच कम्युनिस्टांचं बंड, करेन लोकांचं बंड आणि सैन्यातली फूट असं सगळं एकदम अंगावर आलं. मंडालेसारखं शहरही हातचं गेलं. सरकारची सत्ता रंगून शहरापुरतीच उरली, अशी त्या वेळी चेष्टा होई. नेहरूंच्या भारताने मदत पाठवली. ऊ नू डगमगले नाहीत. एकेक मुलूख परत मिळवला आणि १९५१-५२ मध्ये निवडणुकाही घेतल्या. देश जळत असताना मतपेटी मांडणं सोपं नसतं.

याच काळात त्यांच्या हातून धम्माचं मोठं काम झालं. रंगूनला कबा अये पॅगोडा आणि त्याच्या शेजारी भव्य कृत्रिम गुहा बांधली गेली. तिथे १९५४ ते १९५६ या काळात सहावी धम्मसंगीती भरली. सुमारे अडीच हजार भिक्खूंनी संपूर्ण त्रिपिटक तपासून त्याचं पठण केलं. पुढे इगतपुरीहून देवनागरी लिपीत त्रिपिटक निघालं, ते याच संगीतीच्या पाठावरून. म्हणजे आपल्या हातातल्या ग्रंथामागेही ऊ नू यांचे कष्ट आहेत.

१९५८ मध्ये त्यांच्या पक्षात फूट पडली. लोकसभेत अविश्वासाचा ठराव त्यांनी जेमतेम आठ मतांनी परतवला. कारभार चालेना, तेव्हा त्यांनी काही काळासाठी सत्ता सेनापती ने विन यांच्या हाती दिली. फेब्रुवारी १९६० मध्ये निवडणूक झाली आणि लोकांनी ऊ नू यांना प्रचंड बहुमताने निवडून दिलं. सैन्यानेही सत्ता परत केली. पण खुर्चीची चव एकदा लागली की ती विसरत नाही.

निवडणुकीत ऊ नू यांनी बौद्ध धर्माला राज्यधर्म करण्याचं वचन दिलं होतं. ऑगस्ट १९६१ मध्ये तसा कायदा झाला. बहुसंख्य जनता खूश झाली, पण काचिन डोंगराळ भागातले ख्रिस्ती लोक दुखावले. मग इतर धर्मीयांच्या हक्कांसाठी घटनादुरुस्ती केली, तर काही भिक्खूच रस्त्यावर उतरले. रंगूनजवळ मशिदीही जाळल्या गेल्या. दोन्हीकडून कात्रीत सापडल्यासारखं झालं. आम्हाला इथे बाबासाहेबांची दृष्टी आठवते. ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना धम्म दिला, त्यांच्याच हातून घडलेल्या संविधानात राज्याला कुठलाच धर्म नाही. धम्म माणसाने समजून-उमजून स्वीकारायचा असतो. तो सरकारी हुकमाने येत नाही. ऊ नू यांची श्रद्धा खरी होती, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण हा भेद त्यांनी ओळखला नाही.

२ मार्च १९६२ च्या पहाटे ने विन यांनी सत्ता बळकावली. ऊ नू चार वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिले. १९६९ मध्ये ते देशाबाहेर पडले आणि आपणच कायदेशीर पंतप्रधान आहोत, असं त्यांनी लंडनहून जाहीर केलं. थायलंडच्या सीमेवरून त्यांच्या पक्षाने सशस्त्र लढाही करून पाहिला. अहिंसेचं शील पाळणाऱ्याला हे किती जड गेलं असेल! तो लढा काही यशस्वी झाला नाही. मग भारताने त्यांना आश्रय दिला आणि ते काही वर्षं भोपाळला राहिले. १९८० मध्ये माफी जाहीर झाल्यावर ते मायदेशी परतले.

थकलेला माणूस आता माळ ओढत बसेल, असं सगळ्यांना वाटलं असेल. पण १९८८ मध्ये विद्यार्थी आणि भिक्खू रस्त्यावर उतरले, आणि ८१ वर्षांच्या ऊ नू यांनी सप्टेंबरमध्ये स्वतःचं सरकार जाहीर केलं. १९६२ साली लोकांनी निवडलेलं सरकार बंदुकीने पाडलं, तेव्हा ते कायद्याने अजून उभंच आहे, असा त्यांचा साधा मुद्दा होता. इतर पुढाऱ्यांना तो पटला नाही. लष्कराने हे सरकार मोडायला सांगितलं. त्यांनी नकार दिला, म्हणून डिसेंबर १९८९ पासून १९९२ पर्यंत त्यांना घरातच डांबून ठेवलं. १४ फेब्रुवारी १९९५ रोजी रंगूनमध्ये त्यांचं निधन झालं.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या देशात सैन्याने पुन्हा एकदा निवडून आलेलं सरकार उलथवलं. म्हणजे ऊ नू यांचं काम अपुरंच राहिलं. तरी त्यांच्या आयुष्यातून आपल्याला घेण्यासारखं पुष्कळ आहे. मतदाराने दिलेला अधिकार परत मागण्याचा हक्क फक्त मतदाराचा, हे त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही. आणि चालता येत नाही म्हणून काठी दुसऱ्याच्या हाती दिली, की तीच काठी उद्या आपल्या पाठीवर बसते, हेही त्यांच्याच अनुभवातून कळतं. शील आपल्या आचरणात असावं आणि सत्ता लोकांच्या मतात असावी. या दोन्हींची राखण आपणच करायची आहे. या उपासक पंतप्रधानाच्या स्मृतीला आमचं विनम्र अभिवादन.