मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग

इंग्रजीच्या तासाला भाषांतर करावयास दिले म्हणजे आपल्या वर्गात कशी शांतता पसरते, हे तुम्हांस ठाऊक आहेच. प्रत्येक शब्दाचा अर्थ येत असतो, तरी वाक्य जुळत नाही. अशा वेळी ज्यांचे स्मरण उपयोगी पडावे, असे एक थोर पुरुष गेल्या शतकापूर्वीच्या शतकात मुंबईस होऊन गेले. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. इंग्रजी विद्या आपल्याकडे नुकतीच रुजत होती, तेव्हा ती त्यांनी मन लावून संपादन केली. लिंडले मरे या ग्रंथकाराचे इंग्रजी व्याकरण त्या काळी सर्वत्र प्रमाण मानले जाई. मराठीचे व्याकरण श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये छापले होते; परंतु ते इंग्रजीत व परकीयांसाठी होते. मराठी मुलांनी आपली भाषा नियमपूर्वक शिकावी, यासाठी दादोबांनी ऐन बाविशीत, १८३६ साली, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. मांडणीस त्यांनी इंग्रजी व्याकरणाचा आधार घेतला, संज्ञांसाठी संस्कृताकडे पाहिले. नाम, सर्वनाम, क्रियापद अशा ज्या शब्दांच्या जाती तुम्ही आज पाठ करता, त्या शाळांत रूढ होण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

आता हे इंग्रजी वाक्य पाहा : ‘इट इज नेसेसरी दॅट समवन शुड गो टु सी हिम.’ मराठीत आपण म्हणू, ‘कोणीतरी त्याला भेटायला जावे, हे आवश्यक आहे.’ ‘समवन’ म्हणजे ‘कोणीतरी’, हे सहज कळते. पण ‘शुड’ कोठे गेला? तो ‘जावे’ या विध्यर्थी रूपातील प्रत्ययात सामावला आहे. ‘टु सी’ हे ‘भेटायला’ या एकाच शब्दात आले. ‘दॅट’चे काम ‘हे’ या सर्वनामाने केले, आणि इंग्रजीत आधी येणारे मुख्य वाक्य मराठीत शेवटी गेले. जो शब्दास शब्द ठेवू पाहील, तो येथे अडेल. ज्याला आपल्या क्रियापदांची रूपे ओळखता येतात, तो अडणार नाही. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी असा रामाकोन्याच्या मुलांचा नित्यक्रम आहे. माझी स्वतःची घरची बोली कोंकणी. त्यामुळे मराठीचे नियम मला वेगळे शिकावे लागले, आणि त्यांच्याच आधाराने पुढे इंग्रजी सुलभ झाले.

दादोबांचे आयुष्य एका ठिकाणी स्थिरावले नाही. आज आपल्याच मध्यप्रदेशात असलेल्या जावरा येथील नवाबांचे ते काही काळ शिक्षक होते. पुढे मुंबईस व सुरतेस त्यांनी अध्यापन केले. सुरतेस १८४४ मध्ये मानवधर्मसभा स्थापन झाली, तीत दुर्गाराम मेहताजींसमवेत ते अग्रणी होते. मुंबईस १८४९ मध्ये निघालेल्या परमहंस सभेचेही ते आधारस्तंभ होते. जातिभेद मानू नये, एवढे म्हणण्यासही त्या काळी धैर्य लागे. म्हणून या सभेचे काम गुप्तपणे चाले. त्यांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी पुढे १८६७ साली प्रार्थनासमाजाची स्थापना केली. सरकारी सेवेत दादोबा डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यापर्यंत चढले व रावबहादूर झाले.

परंतु अधिकाराच्या व्यापातही व्याकरण त्यांनी सोडले नाही. १८५० मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली. १८६५ मध्ये लहान मुलांसाठी लघु व्याकरण लिहिले. आणि १८८१ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आपल्या विवेचनास पूरणिका जोडली. बाविसाव्या वर्षी लिहिलेले पुस्तक पुरे झाले, असे त्यांना पंचेचाळीस वर्षांनीही वाटले नाही. पुढल्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांचे देहावसान झाले. त्यांचे आत्मचरित्र गोमंतकातील विद्वान अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ मध्ये प्रकाशात आणले.

मुलांनो, भाषांतराच्या वहीत लाल रेघ उमटली, तर खिन्न होऊ नका. ते वाक्य प्रथम मराठीत नीट उलगडून पाहा, आणि मग पुन्हा लिहा. ज्यांना लोकांनी मराठीचे पाणिनी म्हटले, तेही जन्मभर आपलेच लिखाण सुधारीत होते.