हातावरची वर्णमाला

ज्याचे कान गेले त्यास डोळ्यांचा आधार असतो, आणि ज्याचे डोळे गेले त्यास कानांचा. परंतु ज्याची ही दोन्ही द्वारे बंद झाली, त्याच्याशी त्याच्या घरच्यांनी बोलावे तरी कसे? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी स्वतःच्या दुःखातून शोधून काढिले, त्या हिएरोनिमुस लोर्म ह्या ग्रंथकारांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचे मूळ नाव हाइन्रिख लान्देसमान. ता. ९ आगस्ट १८२१ रोजी मोराविया प्रांतातील निकोल्सबर्ग गावी एका यहूदी व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. हा प्रांत तेव्हा आस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आता तो चेक देशात मोडतो. हाइन्रिख लहान असताच कुटुंब व्हिएन्ना शहरी राहावयास गेले. मुलास गायनवादनाची मोठी आवड, आणि पुढे संगीतावरच आयुष्य घालवावे असा त्याचा मनोदय होता. पण वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यास दुखणे आले, त्यात त्याची श्रवणशक्ती गेली व दृष्टीही मंद झाली. ज्याने संगीताचे स्वप्न पाहिले, त्याच्याच कानांवर हा घाला पडला! तेव्हा त्याने वाद्य सोडून लेखणी हाती धरिली.

त्या काळी आस्ट्रियात मेटर्निख ह्या प्रधानाचा अंमल होता, आणि लिहिणाऱ्यांवर सरकारची करडी नजर असे. १८४६ च्या सुमारास लान्देसमान ह्यांनी व्हिएन्नातील साहित्यावर एक टीकाग्रंथ लिहिला, व त्यात ह्या दडपशाहीवर प्रहार केले. त्यामुळे त्यांस बर्लिन येथे जावे लागले. मागे राहिलेल्या आपल्या माणसांस पोलिसांचा उपद्रव होऊ नये म्हणून त्यांनी हिएरोनिमुस लोर्म हे टोपणनाव घेतले, आणि तेच नाव जगाच्या स्मरणात राहिले. १८४८ साली राज्यक्रांती झाल्यावर ते व्हिएन्नास परतले, आणि वर्तमानपत्रांतून लेख, कादंबऱ्या व कविता लिहून चरितार्थ चालवू लागले. १८५६ साली त्यांचे लग्न झाले, व १८७३ साली ते ड्रेस्डेन येथे राहावयास गेले.

तेथे १८८१ साली त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. बोलणे ते कान जाण्यापूर्वीच शिकले होते, म्हणून आपल्या मनातले सांगणे त्यांस अवघड नव्हते; अडचण होती ती दुसऱ्याचे समजून घेण्याची. तेव्हा त्यांनी आपल्या हातालाच पाटी केले. अंगठ्याच्या टोकास स्पर्श केला की अ. तर्जनीच्या टोकास ए, मधल्या बोटास इ, अनामिकेस ओ आणि करंगळीस उ. तर्जनीवरून टोकापासून मुळापर्यंत बोट ओढिले की ब, मधल्या बोटावरून तसेच ओढिले की ड. तळव्यावर वर्तुळ काढिले की स, आणि बोटांनी हळूच टकटक केले की र. अशा रीतीने घरच्या माणसाने त्यांचा हात धरून एकेक अक्षर सांगावे आणि त्यांनी शब्द जुळवावेत. ह्यास ना यंत्र लागे, ना कागद, ना दिवा. दोन हात पुरत.

लोर्म सदा आनंदी होते असे आम्ही सांगत नाही. त्यांच्या कवितेत दुःखाचा सूर खोल आहे, व जगाकडे पाहून सुख मानावे असे कारण त्यांस दिसत नसे. तथापि १८९४ साली त्यांनी निष्कारण आशावाद ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. बाहेर काही आधार नसताही मनुष्याच्या अंतःकरणात आनंद उगवतो, ही गोष्ट अंधारात व निःशब्दात बसलेल्या ह्या पुरुषाने विचारपूर्वक मांडिली, हे आम्हांस विशेष वाटते.

१८९२ पासून ते ब्र्यून शहरी, म्हणजे आजच्या ब्रनोत, राहत होते, तेथेच ता. ३ डिसेंबर १९०२ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांची वर्णमाला घरातल्या घरातच राहून नाहीशी व्हावयाची. परंतु त्यांच्या कन्येने ती १९०८ साली प्रसिद्ध केली. आज त्यांच्या कादंबऱ्या फारसे कोणी वाचीत नाही, पण जर्मन भाषा बोलणाऱ्या देशांत अंध व बधिर माणसे अद्यापि ह्याच वर्णमालेने बोलतात.

आपल्या घरीही एखादे आजोबा किंवा आजी असतील, ज्यांस आता नीट दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्यांस काही कळत नाही असे समजून आपण त्यांस कोपऱ्यात बसवून ठेवितो काय? त्यांच्याजवळ बसावे, त्यांचा हात आपल्या हाती घ्यावा, आणि कोण आले व काय चालले आहे हे समजेल अशा दोन-चार खुणा घरच्या घरी ठरवाव्या. बोलण्याची वाट तेथूनच सुरू होते.